मासळी प्रक्रियेच्या सांडपाण्यातले माशांचे विषाणू: नाल्यापासून निचऱ्यापर्यंतचा योग्य क्रम

मासळी प्रक्रिया कारखान्यात सांडपाणी निर्जंतुक करायचं ठरलं की बहुतेक जण सुरुवात शेवटापासून करतात. आधी यूव्ही (अतिनील किरणांचं) यंत्र किंवा क्लोरीनचा डोसिंग पंप घेतला जातो आणि बाहेर जाणाऱ्या पाइपवर बसवला जातो. पाण्यात रक्त किती, चरबी किती, ही चौकशी त्यानंतर होते. तोवर दिवा पेटलेला असतो, नोंदवहीत रोज बरोबरची खूण पडते आणि विषाणू मात्र शाबूत बाहेर जातात.

माशांचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, म्हणून तयार मालाच्या तपासण्यांत ते कधी समोर येत नाहीत. धोका असतो तो पाणी जिथे सोडलं जातं तिथल्या माशांना. वरून निरोगी दिसणारा मासाही विषाणू वाहून आणू शकतो. अनेक तळ्यांतले आणि पिंजऱ्यांतले मासे एका छपराखाली येतात, तिथेच त्यांचं रक्त आणि आतडी उघडी पडतात आणि सगळं एका नाल्यात उतरतं. त्या नाल्याच्या तोंडाशी मत्स्यपालन असेल तर पुढचं सांगायला नको.

एक भेद शेवटपर्यंत लक्षात ठेवा. विषाणू पाण्यातून काढणं वेगळं आणि त्याला निष्क्रिय करणं वेगळं. चाळणी, तरंगण टाकी, पडदा-गाळण (अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणं) ही साधनं विषाणूची फक्त जागा बदलतात.

## टप्पा १: कोणत्या विषाणूसाठी यंत्रणा उभारायची ते ठरवा

सगळे विषाणू सारखे चिवट नसतात. ज्यांच्याभोवती मेदाचं आवरण असतं ते तुलनेनं लवकर मरतात. सामन माशातला संसर्गजन्य रक्तक्षय घडवणारा आयएसए, ट्राउटमधले व्हीएचएस आणि आयएचएन, कोई हर्पिस आणि तिलापिया लेक व्हायरस हे या गटातले. ज्यांना आवरण नाही ते खरे चिवट. स्वादुपिंड नासवणारा आयपीएन आणि मेंदू व डोळ्यांवर हल्ला करणारा नोडाव्हायरस हे त्या गटात येतात.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहा. स्वच्छ पाण्यात ९९.९ टक्के, म्हणजे ३ लॉग घट (दर लॉगला दहापट घट) मिळवायला व्हीएचएसला यूव्हीचा सुमारे १ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर डोस पुरतो. आयएसएला ३ ते ८ लागतो. आयपीएन आणि नोडाव्हायरसला १००च्या वर लागतो, काही चाचण्यांत आयपीएनसाठी तो २००च्याही पुढे गेला आहे. म्हणून विक्रेता ‘माशांच्या विषाणूंवर चालतं’ म्हणाला, तर पहिला प्रश्न हा विचारा: कोणत्या विषाणूवर, किती डोसला आणि कसल्या पाण्यात?

कारखान्यात येणाऱ्या माशांच्या जातींची यादी काढा. त्या जातींत आणि त्या पाण्यांत आढळणारे विषाणू मत्स्य-आरोग्य प्रयोगशाळेकडून समजून घ्या आणि यादीतला सर्वांत चिवट विषाणू धरून पुढची मापं ठरवा. गोठवलेला कच्चा माल वगळू नका. गोठवल्यानं विषाणू टिकून राहतात, त्यामुळे बर्फ सुटल्यावर गळणारं पाणीही संशयितच धरायचं.

## टप्पा २: नाल्यांचा नकाशा काढा आणि रक्तपाणी वेगळं करा

सगळ्यात जास्त फायदा याच टप्प्यावर मिळतो आणि सगळ्यात कमी वेळही यालाच दिला जातो.

मासा कापल्यावर विषाणूंचा मोठा वाटा रक्तात, मूत्रपिंडात, आतड्यांत आणि कल्ल्यांत असतो. म्हणजे रक्त काढण्याच्या टाक्या आणि पोट साफ करण्याचं टेबल या दोन जागांचं पाणी सर्वांत घातक, पण एकूण पाण्याच्या मानानं ते थोडं असतं. तेच पाणी फरशी धुण्याच्या आणि बर्फ वितळलेल्या पाण्यात मिसळू दिलं की थोडंसं असलेलं घाण पाणी भरपूर होऊन बसतं आणि पुढचं प्रत्येक यंत्र तितक्या पट मोठं घ्यावं लागतं.

कामाचा क्रम असा:

१. कारखाना चालू असताना प्रत्येक जाळीपासून चालत जाऊन नाला कुठे मिळतो ते पाहा. जुन्या आराखड्यावर विसंबू नका. रंगाचं पाणी ओतून खात्री करा.

२. रक्तपाण्यासाठी स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र झाकणबंद टाकी ठेवा.

३. पाणी वापरण्याआधी घन भाग उचला. आतडी फवाऱ्यानं नाल्यात ढकलण्याऐवजी खरवडून किंवा निर्वात नळीनं ओढून घ्या. एकदा पाण्यात गेलेलं प्रथिन विरघळतं आणि ते परत काढणं महाग पडतं.

४. छपराचं पावसाचं पाणी आणि शीतयंत्रांचं स्वच्छ पाणी या जाळ्यातून बाहेर काढा.

५. विसरले जाणारे स्रोत यादीत घ्या: कचऱ्याच्या पेट्यांखालचा निथळा, माशांची गाडी धुण्याची जागा, जिवंत मासे आणणाऱ्या टाक्यांचं पाणी, शीतगृहाच्या दारातली मोरी.

तपासा: प्रक्रिया न केलेलं पाणी थेट बाहेर जाऊ शकेल असा एकही बायपास व्हॉल्व्ह उघडा राहता कामा नये. बायपास लागणारच असेल तर त्याला कुलूप आणि नोंद हवी. चांगल्या यंत्रणा फसतात त्या बहुतेक वेळा या एका व्हॉल्व्हमुळे.

रक्तपाणी थोडं असेल तर ते तापवून निष्क्रिय करण्याचा मार्ग मोकळा होतो, त्याबद्दल पुढे येतं.

## टप्पा ३: चाळणी आणि समतोल टाकी

खवले, मांसाचे तुकडे, आतड्यांचे धागे आधी काढा. फिरती ड्रम चाळणी सोयीची. आधी १ मिलिमीटरच्या आसपासची, मग ३०० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. विषाणू काही दहा ते काही शे नॅनोमीटरचे, म्हणजे एका मायक्रॉनहूनही लहान असतात, चाळणी त्यांना अडवत नाही. तरी ती हवी, कारण मांसाच्या कणात दडलेल्या विषाणूपर्यंत ना प्रकाश पोचतो ना क्लोरीन.

चाळणीआधी केंद्रोत्सारी (सेंट्रिफ्यूगल) पंप बसवू नका. त्याच्या पात्यांत तुकड्यांचा लगदा होतो आणि चाळणीतून सगळं पार जातं. उतारानं पाणी आणता आलं तर उत्तम, नाहीतर हळू चालणारा स्क्रू पंप.

त्यानंतर समतोल टाकी. दिवसाच्या पाळीचा रक्ताचा लोंढा आणि रात्रीच्या धुलाईचं कॉस्टिक सोड्याचं पाणी इथे मिसळून एकसारखं व्हायला हवं. टाकी ढवळती आणि हवेशीर ठेवा.

सावधान: मासळीचं सांडपाणी साचून सडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा वास येऊन मग वास येणं थांबलं, तर धोका गेला असं समजू नका. जास्त प्रमाणात हा वायू वासाची जाणीवच मारतो. वायूमापकाशिवाय, हवा खेळती केल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय कोणीही टाकीत उतरायचं नाही.

## टप्पा ४: चरबी आणि प्रथिनं काढा

इथे विरघळलेली हवा सोडून घाण वर तरंगवणारी टाकी, म्हणजे डीएएफ, वापरतात. फेरिक क्लोराइड किंवा पॉलीअॅल्युमिनियम क्लोराइडनं कण एकत्र येतात, पॉलिमरनं त्यांचे गुच्छ होतात आणि हवेचे बुडबुडे ते वर आणतात. प्रथिनं पीएच ५च्या आसपास चांगली साकळतात.

डोस पुस्तकातून घेऊ नका. स्वतःच्या पाण्यावर जार चाचणी करा (काचपात्रांत वेगवेगळे डोस टाकून पाहा), तीही दोनदा: एकदा भर पाळीत, एकदा धुलाईच्या वेळी. धुलाईतला साबण आणि कॉस्टिक चरबीचं दुधासारखं मिश्रण करतात, आणि दुपारी उत्तम चालणारी टाकी रात्री गढूळ पाणी सोडू लागते. दिवसा घेतलेल्या नमुन्यात हे कधीच दिसत नाही.

फेरिकचा डोस गरजेपेक्षा जास्त गेला तर लोह पुढे वाहतं, यूव्ही शोषून घेतं आणि दिव्याच्या क्वार्ट्झ नळीवर तांबूस थर चढवतं. पुढे यूव्ही असेल तर अॅल्युमिनियमच्या क्षाराचा विचार करा.

तपासा: डीएएफ नंतरचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या. ग्लासामागे धरलेली छापील अक्षरं स्पष्ट वाचता येत नसतील तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका. ही ढोबळ चाचणी आहे. खरी चाचणी गढूळपणामापक आणि पाण्यातून किती यूव्ही आरपार जातं ते दाखवणाऱ्या पारगम्यतामापकाची, पण ग्लास प्रत्येक पाळीत कोणीही धरू शकतो.

## टप्पा ५: निष्क्रिय करण्याची पद्धत निवडा

### यूव्ही

यूव्ही पाण्यात काही सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते पाण्याच्या पारदर्शकतेवर जगतं. पारगम्यता १ सेंटीमीटर जाडीच्या थराला मोजतात. ती ९० टक्के असेल तर ५ सेंटीमीटर दूर सुमारे ५९ टक्के प्रकाश पोचतो. ५० टक्के असेल तर तिथे जेमतेम ३ टक्के उरतो. म्हणजे त्याच यंत्रात भिंतीजवळून जाणारं पाणी जवळपास अंधारातून जातं. नुसतं चाळलेलं रक्तपाणी यूव्हीखाली नेण्यात काहीही अर्थ नाही.

यंत्र निवडताना पारगम्यतेचं सरासरी मूल्य देऊ नका, सर्वांत वाईट तासाचं द्या. दिव्याची ताकद वापरानं कमी होते, म्हणून आयुष्याच्या शेवटी मिळणारा डोस किती हे लेखी मागा. क्वार्ट्झ नळीवर प्रथिनांचा पापुद्रा भराभर चढतो, त्यामुळे आपोआप पुसणारी यंत्रणा आणि तीव्रता मोजणारा सेन्सर दोन्ही घ्या. ‘दिवा लागला’ दाखवणारा लाल बिंदू म्हणजे सेन्सर नव्हे.

### क्लोरीन

स्वस्त, ओळखीचं, आणि सर्वांत जास्त चुका याच्याच वापरात.

पहिली चूक मागणीची. टाकलेलं क्लोरीन आधी रक्त, प्रथिनं आणि अमोनियावर खर्च होतं, विषाणूच्या वाट्याला उरेल तेवढंच येतं. अमोनियाचा नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅम असेल तर मुक्त (कशाशीही न जोडलेलं) क्लोरीन दिसायला लागण्याआधीच कागदावर सुमारे ७६ आणि प्रत्यक्षात ८० ते १०० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. प्रथिनांची मागणी वेगळीच. त्याआधी जे मापात दिसतं ते क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी जोडलेलं क्लोरीन असतं आणि विषाणूंवर ते फार मंद चालतं. म्हणून ‘आम्ही ५० टाकतो’ याला किंमत नाही. ठरलेल्या वेळेनंतर किती मुक्त क्लोरीन उरलं, एवढंच विचारायचं.

दुसरी चूक पीएचची. ७.५ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, वर जाल तसा तो झपाट्यानं घटतो. ६.५ ते ७ या पट्ट्यात राहा.

सावधान: डीएएफमधून आलेलं आम्लधर्मी पाणी तसंच हायपोक्लोराइटखाली (क्लोरीनच्या द्रावणाखाली) नेऊ नका, पीएच आधी वर आणा. आम्लाचा आणि हायपोक्लोराइटचा साठा वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या गळती-हौदांत ठेवा. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तिसरी चूक मोजण्याची, आणि ही मला सर्वांत काळजीची वाटते. क्लोरीन मोजण्याच्या डीपीडी चाचणीत क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो. पण क्लोरीन फार जास्त असेल तर तो रंगच उडून जातो आणि नमुना बिनरंगी दिसतो. कामगार ‘शून्य’ लिहितो आणि डोस आणखी वाढवतो. शंका आली की नमुना १० पट पातळ करून पुन्हा मोजा. मुक्त आणि एकूण क्लोरीन दोन्ही वेगवेगळं नोंदवा.

चौथी साठ्याची. हायपोक्लोराइट उन्हात आणि उष्णतेत कमजोर होतं. लेबलवर १० टक्के असेल तर लिटरमध्ये सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन धरतात आणि २० घनमीटर पाण्यात १०० मिलिग्रॅमचा डोस द्यायला २० लिटर लागतं. द्रावण निम्मं पडलेलं असेल तर डोसही निम्माच जातो. दर आठवड्याला साठ्याची ताकद तपासा.

समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं: त्यातल्या ब्रोमाइडमुळे क्लोरीन आणि ओझोन दोन्हींचं रूपांतर ब्रोमीनच्या ऑक्सिडंटांत होतं. तिथे ‘एकूण उरलेला ऑक्सिडंट’ मोजायचा.

### ओझोन आणि पेरासेटिक आम्ल

ओझोन जोरकस आहे, पण सेंद्रिय घाणीवर तो क्लोरीनसारखाच खर्च होतो, म्हणून अगदी स्वच्छ केलेल्या पाण्यासाठीच ठेवा. पेरासेटिक आम्ल घाणीत थोडं जास्त टिकतं. मात्र त्यासोबत असलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला रक्तातलं कॅटलेज हे विकर मोडून टाकतं, आणि उरलेल्या अॅसेटिक आम्लानं पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी वाढते. आवरण नसलेल्या विषाणूंसाठी आपल्याच पाण्यावर चाचणी केल्याखेरीज त्याचा डोस ठरवू नका.

### उष्णता

वेगळं ठेवलेलं थोडं रक्तपाणी असेल तर माझी पसंती उष्णतेला. गढूळपणा तिला अडवत नाही. आयएसए ५६ अंश सेल्सिअसला अर्ध्या तासात निष्क्रिय होतो. आयपीएन ६० अंशांनाही अर्धा तास टिकू शकतो, म्हणून त्याच्यासाठी तापमान बरंच वर न्यावं लागतं. आम्लात मुरवलेल्या मासळी-अवशेषांसाठी युरोपीय नियमांतल्या एका पद्धतीत ८५ अंश, २५ मिनिटं असं माप आहे. तेच इथेही धरलं तर सुरक्षिततेला पुरेसा वाव राहतो. रक्त तापताना साकळतं आणि उष्णता-विनिमयकात अडकतं, तेव्हा रुंद मार्गाचा किंवा आतून खरवडणारा विनिमयक घ्या.

## टप्पा ६: संपर्काची वेळ खरी मोजा

टाकी ३० घनमीटरची, प्रवाह तासाला २० घनमीटर. भागाकार केला की ९० मिनिटं येतात आणि तेच कागदावर लिहिलं जातं. प्रत्यक्षात आडभिंती नसलेल्या टाकीत पाणी आत येतं आणि सरळ बाहेरच्या तोंडाकडे धावतं. अशा टाकीसाठी ०.१ ते ०.३चा गुणक धरतात, म्हणजे सर्वांत घाईचं पाणी ९ ते २७ मिनिटांत बाहेर. नीट आडभिंती घातल्या तर गुणक ०.७पर्यंत जातो आणि ६३ मिनिटं मिळतात. टाकी तीच, फक्त भिंतींचा खर्च.

हिशेब सरासरी प्रवाहावर नव्हे, कमाल प्रवाहावर करा. पाणी १० अंशांनी थंड झालं की क्लोरीनला साधारण दुप्पट वेळ लागतो.

तपासा: टाकीच्या तोंडाशी मिठाचं घट्ट द्रावण एकदम ओता आणि बाहेरच्या टोकाला दर मिनिटाला विद्युतवाहकता मोजा. टाकलेल्या मिठाचा पहिला १० टक्के भाग बाहेर यायला लागलेला वेळ हाच तुमचा खरा संपर्ककाळ. (खाऱ्या पाण्यात मिठाऐवजी रंगद्रव्य वापरा.)

## टप्पा ७: उरलेलं क्लोरीन मोडा, मगच पाणी सोडा

मुक्त क्लोरीन लिटरला मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतकं असलं तरी माशांना घातक ठरतं. १ मिलिग्रॅम क्लोरीनला कागदावर १.३४ मिलिग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं, व्यवहारात १.५ धरा. याचा अतिरेक झाला तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून डोस मोजलेल्या क्लोरीनवर बांधलेला हवा. मेटाबायसल्फाइट टाकण्याची जागा संपर्क टाकीच्या नंतर असते. जागा वाचवायला ती टाकीतच आणली तर संपर्ककाळ तिथेच तुटतो.

## टप्पा ८: गाळ, मळी आणि चाळणीवरचा माल

पाण्यातून काढलेले विषाणू आता इथे आहेत, आणि दाटीनं आहेत. डीएएफवर तरंगून आलेली मळी, चाळणीवरचे तुकडे, पडदा-गाळणीचं उरलेलं घट्ट पाणी, यूव्ही यंत्र धुतलेलं पाणी हे सगळं ‘घातक’ याच यादीत.

फॉर्मिक आम्ल घालून पीएच ४पर्यंत आणलं की माल सडत नाही आणि आयएसएसारखे विषाणू मरतात. आयपीएन मात्र त्यात टिकतो. म्हणून आम्लानंतर तापवणं लागतंच, आणि तापवण्याआधी तुकडे १० मिलिमीटरपेक्षा लहान हवेत, नाहीतर गाभा थंड राहतो.

मळीच्या पेटीखालचा निथळा परत समतोल टाकीत जायला हवा. तो पावसाच्या गटारात जाताना दिसला तर आधी तेवढं थांबवा.

## टप्पा ९: खरोखर काम होतं आहे का?

पीसीआर चाचणी विषाणूचा जनुकीय अंश शोधते. विषाणू निष्क्रिय झाल्यावरही तो अंश पाण्यात राहतो, त्यामुळे पीसीआर ‘आहे’ म्हणाली तरी यंत्रणा नापास ठरत नाही. विषाणू संसर्ग करू शकतो का, हे माशांच्या पेशींवर वाढवूनच कळतं. आयपीएनसाठी सीएचएसई-२१४, आयएसएसाठी एएसके, नोडाव्हायरससाठी ई-११ किंवा एसएसएन-१ या प्रयोगशाळेत जोपासलेल्या माशांच्या पेशी वापरतात. सांडपाणी स्वतःच या पेशींना मारू शकतं, म्हणून विषाणू न घातलेल्या त्याच पाण्याचा तुलना-नमुना मागा.

डोस ठरवण्याची चाचणी परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच करून घ्या: तुमचं डीएएफनंतरचं पाणी, त्यात मोजून घातलेला विषाणू, आणि वेगवेगळे डोस. मिलीलीटरला १,००,०००वरून १००वर आला तर ती ३ लॉग घट. रोगकारक विषाणू कारखान्याच्या नाल्यात घालून चाचणी कधीही करायची नाही. तिथे एमएस-२ हा जिवाणूभक्षी विषाणू वापरतात, पण त्याला यूव्हीखाली १ लॉग घटीसाठी साधारण २० मिलिज्यूल लागतात आणि आयपीएनला त्याच्या दुप्पट किंवा अधिक. एमएस-२चा निकाल आयपीएनवर तसाच चिकटवू नका. कोलिफॉर्म जिवाणू गेले म्हणून विषाणू गेले, हा निष्कर्ष तर मुळीच नको.

नमुन्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट ठेवा. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन काम करत राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फावर ठेवा, गोठवू नका.

रोजच्या नोंदीत प्रवाह, तापमान, पीएच, यूव्ही पारगम्यता व तीव्रता, मुक्त व एकूण क्लोरीन हे सगळं भर पाळीत आणि धुलाईच्या वेळी, असं दोनदा लिहा.

## टप्पा १०: बिघाडाची तयारी

यूव्हीची तीव्रता, क्लोरीन किंवा पीएच ठरलेल्या हद्दीबाहेर गेला तर निचऱ्याचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा. वीज गेल्यावर तो बंद स्थितीतच यावा. उघडा राहणारा व्हॉल्व्ह घेतलेला असेल तर बदला. पाणी परत समतोल टाकीत वळावं आणि तिथे किमान चालू पाळी संपेपर्यंत पुरेल इतकी रिकामी जागा राखलेली असावी. तीही भरत आली तर कापणी थांबवायचा अधिकार पाळीवरच्या माणसाकडे लेखी हवा. रात्री दोन वाजता कोणाला फोन करून परवानगी मागायची वेळ येऊ नये.

पुन्हा सुरू करताना सेन्सरचे आकडे स्थिर होईपर्यंतचं सगळं पाणी परत फिरवा, आणि यंत्रणा बंद असलेल्या काळात संपर्क टाकीत उभं राहिलेलं पाणीही त्यातच धरा.